कम्युनिकेटरांची तुलना : 'तोच' म्हणजे नेमका कोणता? (प्रकल्प नोंदी)

३ जून २०२४, सोमवार

उष्णतावहनाच्या आमच्या समांतर प्रोग्रॅममधला कडांच्या देवाणघेवाणीचा भाग स्वतंत्र लायब्ररी म्हणून वेगळा काढण्याचे काम आजपासून हाती घेतले. जाळीचे तुकडे प्रोसेसना (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रतींना) वाटून दिलेले असतात आणि प्रत्येक पायरीला शेजारच्या तुकड्याच्या कडेची ओळ आपल्याकडे आणावी लागते. कोणाकडून काय घ्यायचे आणि कोणाला काय पाठवायचे, याची कोष्टके एकदा तयार झाली की पुढच्या हजारो पायऱ्यांना तीच पुरतात. या कोष्टकांच्या संचाला आम्ही 'आराखडा' म्हणतो. आराखडा बांधायला वेळ लागतो, म्हणून तो जपून ठेवायचा आणि शक्य तिथे पुन्हा वापरायचा, एवढीच सुरुवातीची कल्पना होती.

अडचण अशी की आमच्या लायब्ररीला हाक मारणारा प्रोग्रॅम दर वेळी एमपीआयचा (प्रोसेसनी एकमेकींना संदेश कसे पाठवायचे याच्या प्रमाणाचा) एक कम्युनिकेटर हाती देतो, आणि तो पूर्वी आलेलाच आहे की नवा, हे आम्हाला ओळखायचे आहे. जुन्या कोडमध्ये ही ओळख सी भाषेतल्या दुहेरी बरोबर-चिन्हाने केलेली होती. त्या चिन्हाने दोन हँडल (कम्युनिकेटर ज्या खुणेने हाती येतो ती खूण) सारखी आहेत का एवढेच कळते. दोन कम्युनिकेटरांमध्ये तीच माणसे, म्हणजे त्याच प्रोसेस, त्याच क्रमाने आहेत का, हे त्यातून कळत नाही.

कम्युनिकेटर म्हणजे प्रोसेसचा गट आणि त्याच्या जोडीला एक कॉन्टेक्स्ट. गटात कोण आहे आणि कोणाची रँक (गटातला क्रमांक, ० पासून) किती, हे गट सांगतो. या कम्युनिकेटरवरचा संदेश दुसऱ्या कम्युनिकेटरवर कधीही उचलला जाणार नाही, याची हमी कॉन्टेक्स्ट देतो. १९९४ मध्ये एमपीआयचे पहिले प्रमाण आले तेव्हा लायब्ररी लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय हीच होती, कारण त्यापूर्वी दोन लायब्रऱ्यांनी योगायोगाने एकच टॅग (संदेशावरचा ओळखीचा आकडा) वापरला तर एकीचे संदेश दुसरीच्या पोटात जात. आमचे सर त्याआधीच्या काळातले आहेत. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर चिपांवर चालणारा परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हापासून ते या विषयात आहेत, आणि टॅगचे आकडे कागदावर वाटून घेण्याच्या आठवणी ते अजूनही तक्रारीच्या सुरातच सांगतात.

५ जून, बुधवार

तुलनेसाठी प्रमाणात एमपीआय_कॉम_कम्पेअर हे फंक्शन आहे. (एमपीआयचा उपसर्ग यापुढे गाळतो.) त्याची चार उत्तरे प्रत्यक्ष चालवून पाहिली. ८ प्रोसेस घेतल्या आणि कॉम_वर्ल्डची (सर्व प्रोसेसच्या मूळ कम्युनिकेटरची) तुलना प्रथम त्याच्याशीच केली, तेव्हा आयडेंट आले. कॉम_डुपने त्याची प्रत काढून तुलना केली, तेव्हा कॉन्ग्रुअंट आले, म्हणजे माणसे तीच, क्रम तोच, फक्त कॉन्टेक्स्ट वेगळा. गट पाडणाऱ्या कॉम_स्प्लिटमध्ये सर्वांना एकच रंग (गटाची खूण) देऊन 'की' (क्रम ठरवणारा आकडा) म्हणून उणे रँक दिली, म्हणजे क्रम उलटा झाला, तेव्हा सिमिलर आले. रंग रँकच्या सम-विषमतेवर ठेवला, तेव्हा चारचारांचे दोन गट पडले आणि अनइक्वल आले.

आमच्याकडे काम करणाऱ्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला हे समजावताना मी पंगतीचा दाखला दिला. सिमिलर म्हणजे तीच माणसे, पण पाटांवर बसण्याचा क्रम बदललेला. कॉन्ग्रुअंट म्हणजे तीच माणसे त्याच क्रमाने, पण दुसऱ्या पंगतीला. आणि आयडेंट म्हणजे तीच पंगत. वाढपी माणसाचे तोंड पाहून वाढत नाही, पाटाचा क्रमांक पाहून वाढतो, हे त्यात महत्त्वाचे. त्याला दाखला पटला असावा, कारण संध्याकाळपर्यंत त्याच्या कोडमधल्या एका चलाला 'पाट' हे नाव मिळाले होते.

त्याच कोडमध्ये दोन चुका सापडल्या. पहिली म्हणजे त्याने तुलनेचे उत्तर थेट इफच्या कंसात टाकले होते. आम्ही वापरतो त्या एमपीआयमध्ये आयडेंटची किंमत ० आहे, आणि सी भाषेत ० म्हणजे 'नाही', त्यामुळे 'तोच असेल तर' असे वाचले जाणारे वाक्य प्रत्यक्षात 'तोच नसेल तर' असे चालत होते. या किमतींवर कधीच विसंबू नये, नावांशीच तुलना करावी, अशी ओळ नियमावलीत घातली.

दुसरी चूक अधिक फसवी होती. त्याची चाचणी त्याच्या लॅपटॉपवर एकाच प्रोसेसवर चालत होती, आणि एकाच प्रोसेसवर कॉम_वर्ल्ड आणि कॉम_सेल्फ (प्रत्येक प्रोसेसचा एकटीचा कम्युनिकेटर) यांची तुलना कॉन्ग्रुअंट येते, कारण दोन्हींत तीच एकटी प्रोसेस शून्याव्या रँकवर असते. उलटा क्रमही एका माणसाचा उलटा होत नाही. म्हणजे ज्या चाचणीत चारपैकी दोन उत्तरे येऊच शकत नाहीत, ती उत्तीर्ण झाल्याचा आनंद आम्ही दोन दिवस मानत होतो. यापुढे कोणतीही तुलना-चाचणी ३ पेक्षा कमी प्रोसेसवर चालवायची नाही, असे ठरवले.

७ जून, शुक्रवार

आज नुसत्या गटांची तुलना पाहिली. ग्रुप_कम्पेअर तीनच उत्तरे देते, कारण गटाला कॉन्टेक्स्ट नसतो आणि त्यामुळे कॉन्ग्रुअंट ही पायरीच उरत नाही. माणसे आणि क्रम जुळले की थेट आयडेंट मिळते. यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अ आणि ब या गटांचा ग्रुप_युनियन काढला तर आधी अ मधले सगळे येतात आणि मग ब मधले उरलेले. ब आणि अ असा युनियन काढला तर क्रम बदलतो, आणि दोन्हींची तुलना सिमिलर येते. गणितात संयोगाला क्रम नसतो, हे शाळेपासून डोक्यात बसलेले असल्यामुळे इथे हात हमखास चुकतो.

गटाची हँडल बरोबर-चिन्हाने तपासणे तर कम्युनिकेटरपेक्षाही निरुपयोगी आहे, कारण एकाच कम्युनिकेटरवर कॉम_ग्रुप (त्याचा गट काढून देणारे फंक्शन) दोनदा चालवले तर दोन वेगळी हँडल मिळू शकतात.

११ जून, मंगळवार

आजचा पूर्ण दिवस एका चित्रात गेला.

८०० ओळींची जाळी ८ प्रोसेसना शंभर-शंभर ओळींच्या पट्ट्यांत वाटलेली आहे. वरची कड, म्हणजे ० क्रमांकाची ओळ, सतत तापलेली ठेवली आहे. योग्य चित्रात वरून खाली रंग हळूहळू थंड होत जातो. आज लायब्ररीला मूळ कम्युनिकेटरऐवजी ५ तारखेचा उलट्या क्रमाचा कम्युनिकेटर दिला आणि शेवटी गॅदर करून (सर्व पट्ट्या रँकच्या क्रमाने एका जागी आणून) चित्र काढले, तर तापलेली ओळ ७०० व्या ओळीवर दिसली. ७९९ व्या ओळीवर दिसली असती तर चित्र सरळ उलटे झाले असे म्हणता आले असते. पण ती ७०० वर होती आणि तिथून खाली १०० ओळींपर्यंत रंग बरोबर थंड होत गेला होता. त्याच्या वरच्या पट्टीचीही तीच गत, फक्त ती एकूणच थंड. प्रत्येक पट्टी आतून सुलटी, पण पट्ट्यांची रचना उलटी, असे ते चित्र होते.

विद्यार्थी म्हणाला, "सर, पण बेरीज तर जुळतेय."

बेरीज जुळणारच होती, कारण संपूर्ण जाळीतल्या तापमानाची बेरीज ऑलरिड्यूसने (सर्व प्रोसेसचे आकडे एकत्र करणाऱ्या फंक्शनने) काढलेली होती, आणि पट्ट्या कोणत्याही क्रमाने मांडल्या तरी बेरीज तीच येते. दशांशातला अगदी शेवटचा आकडा मागे-पुढे होऊ शकतो, पण त्यासाठी आम्ही तपासणीत सूट ठेवलेली आहे. आमची एकमेव स्वयंचलित तपासणी ही बेरीजच होती. म्हणजे नेमक्या ज्या चुकीसाठी पहारा हवा, तिच्याकडे पाठ करून पहारेकरी बसलेला.

कारण शोधायला मात्र वेळ लागला नाही. ५ तारखेनंतर मी स्वतःच लायब्ररीत असे लिहिले होते की तुलनेचे उत्तर अनइक्वल नसेल तर जुना आराखडा वापरावा. त्या वेळी मनात विचार असा होता की माणसे तीच आहेत, मग कोष्टकेही तीच चालतील. पण आमच्या कोष्टकांत प्रोसेसची ओळख म्हणून रँकच लिहिलेली असते, आणि रँक हा त्या प्रोसेसचा स्थायी गुण नसून त्या कम्युनिकेटरमधला तिचा पाट आहे. जुन्या आराखड्यात '० क्रमांकाच्या रँककडे वरची पट्टी' असे होते. नव्या कम्युनिकेटरमध्ये ० वर बसलेली प्रोसेस मुळातली सातवी होती आणि तिच्याकडे सर्वांत खालची पट्टी होती.

तरीही एक कोडे उरले. क्रम चुकला होता, तर पट्ट्यांच्या सीमांवर आकडेमोडही बिघडायला हवी होती, आणि ती तर बिघडलेली दिसत नव्हती. दुपारी त्याचा उलगडा झाला. कडांची देवाणघेवाण लायब्ररी जुन्या आराखड्याबरोबर जपलेल्या, कम्युनिकेटरच्या तिच्या खाजगी प्रतीवर करत होती, आणि त्या प्रतीत क्रम जुनाच होता, म्हणून शेजारी बरोबर होते. फक्त शेवटचा गॅदर वापरणाऱ्याच्या कम्युनिकेटरवर होत होता. म्हणजे अर्धे काम एका पंगतीच्या क्रमाने आणि अर्धे दुसऱ्या. शेजारीही चुकले असते तर आकडे भडकले असते आणि चूक मिनिटभरात कळली असती. निम्मे बरोबर असल्यामुळेच दिवस गेला.

१२ जून, बुधवार

सिमिलरसाठी दोन मार्ग होते. आराखडा टाकून नवा बांधणे हा एक, आणि जुन्या आराखड्यातल्या रँकचे भाषांतर करणे हा दुसरा. भाषांतरासाठी ग्रुप_ट्रान्सलेट_रँक्स आहे. एका गटातल्या रँकची यादी दिली की दुसऱ्या गटात त्याच प्रोसेसच्या रँक कोणत्या, हे ते सांगते. एखादी प्रोसेस दुसऱ्या गटात नसेलच तर अनडिफाइन्ड देते आणि प्रॉक_नल ('इथे कोणी नाही' अशी खूण) दिले तर प्रॉक_नलच परत करते, त्यामुळे जाळीच्या टोकाला शेजारी नसलेल्या बाजूसाठी वेगळी अट लिहावी लागली नाही.

हे सगळे आम्ही लिहिले, चालवले आणि संध्याकाळी काढून टाकले. भाषांतरित आराखडा शुद्ध होता, पण वापरणाऱ्याने क्रम बदलला तो कशासाठी, हा प्रश्न सरांनी विचारला आणि त्याला उत्तर नव्हते. क्रम बदलणारा माणूस बहुधा पट्ट्यांची वाटणीही बदलू इच्छितो. त्याच्या पहिल्या रँकला त्याला पहिली पट्टी हवी असते. आम्ही जुनी वाटणी भाषांतर करून त्याच्या गळ्यात मारणे म्हणजे त्याचा हेतू परस्पर ठरवणे झाले. म्हणून सिमिलर आले की नवा आराखडा, असा साधा नियम राहिला. ट्रान्सलेट_रँक्स चाचण्यांत मात्र ठेवले. कोणती पट्टी कोणाकडे गेली, हे कॉम_वर्ल्डच्या रँकमध्ये छापून पाहायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. बेरजेच्या जोडीला आता प्रत्येक ओळीच्या तापमानाला ओळीच्या क्रमांकाने गुणून काढलेली बेरीजही तपासतो, तिला क्रम कळतो.

१८ जून, मंगळवार

रात्रभर चालवलेले काम पहाटे बंद पडले होते. संदेश असा की कम्युनिकेटर फार झाले, एकही शिल्लक नाही. एमपीआयसीएच घराण्यातल्या अंमलबजावण्यांत कॉन्टेक्स्टचे क्रमांक मोजके असतात. आमच्या मांडणीत ते २०४८ आहेत. लायब्ररी प्रत्येक नव्या आराखड्यासाठी कॉम_डुप करत होती आणि कॉम_फ्री, म्हणजे ती प्रत मोडणे, कोणीच करत नव्हते. वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एका फेऱ्यात कम्युनिकेटर तयार करून फेऱ्याच्या शेवटी मोडला जात होता, म्हणजे तो आपले ताट उचलत होता आणि आमचे ताट मात्र तसेच मांडून राहत होते.

खाजगी प्रत घेऊच नये, वापरणाऱ्याच्याच कम्युनिकेटरवर संदेश पाठवावेत, असे एका सहकाऱ्याने सुचवले. ते मान्य करता येत नाही. त्याच कम्युनिकेटरवर वापरणाऱ्याने 'कोणाकडूनही, कोणत्याही टॅगचा' असा इरिसीव्ह (संदेश घेण्याची आगाऊ मागणी) लावून ठेवलेला असेल तर आमची कडेची ओळ त्याच्या बफरमध्ये जाऊन पडेल आणि आम्ही वेटमध्ये (संदेश येईपर्यंत थांबणाऱ्या फंक्शनमध्ये) बसून राहू. म्हणजे तुलना आयडेंट आली तरी आराखडा पुन्हा वापरायचा, पण संदेश आपल्याच कॉन्टेक्स्टमध्ये ठेवायचे.

या शोधात आणखी एक गोष्ट वर आली, आणि मला ती गळतीपेक्षा गंभीर वाटते. आम्ही जपलेल्या यादीत वापरणाऱ्याची हँडल ठेवत होतो आणि नवा कम्युनिकेटर आला की यादीतल्या प्रत्येकाशी त्याची तुलना करत होतो. पण वापरणाऱ्याने त्यातला एखादा मोडलेला असेल तर आमच्याकडचे हँडल मृत असते, आणि मृत हँडल तुलनेला देणे ही चूकच आहे. त्याहून वाईट म्हणजे एमपीआयसीएचमध्ये हँडल हा साधा पूर्णांक असतो आणि मोकळा झालेला पूर्णांक पुढच्या कम्युनिकेटरला दिला जातो. आज मुद्दाम तसे करून पाहिले. ८ जणांचा कम्युनिकेटर मोडला, लगेच ४ जणांचा तयार केला, आणि दोन्हींचे हँडल छापले. आकडा तोच आला. अशा वेळी कॉम_कम्पेअर प्रामाणिकपणे आयडेंट सांगते, कारण आपण त्याला एकाच वस्तूची दोन नावे दिलेली असतात, आणि आपण ८ जणांचा आराखडा ४ जणांच्या हाती देतो.

१९ जून, बुधवार

उपाय प्रमाणातच होता आणि तो तिथे पहिल्या आवृत्तीपासून आहे. कम्युनिकेटरला आपली माहिती चिकटवून ठेवता येते. कॉम_क्रिएट_कीव्हॅलने किल्ली घ्यायची, कॉम_सेट_ॲट्रने आराखड्याचा पत्ता त्या किल्लीखाली ठेवायचा, आणि किल्ली घेताना एक पुसण्याचे फंक्शन द्यायचे. वापरणाऱ्याने कम्युनिकेटर मोडला की एमपीआय स्वतः ते फंक्शन चालवते, आणि त्यात आम्ही आमची खाजगी प्रत मोडतो व आराखडा यादीतून काढतो. 'हा तोच आहे का' या प्रश्नासाठी आता तुलनाच करावी लागत नाही. त्याच्या खिशात आमची चिठ्ठी असेल तर तो तोच.

किल्ली घेताना प्रत काढण्याचे फंक्शनही द्यावे लागते. वापरणाऱ्याने कॉम_डुप केले तर चिठ्ठीचे काय करायचे, ते त्यात ठरते. आम्ही ती प्रतीबरोबर जाऊ देत नाही. प्रत ही मुळाशी कॉन्ग्रुअंट असतेच, त्यामुळे कोष्टके तिला चालतील. पण खाजगी कॉन्टेक्स्ट सामायिक करणे धोक्याचे आहे. वापरणाऱ्याचे दोन थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे प्रवाह) मूळ आणि प्रत अशा दोन कम्युनिकेटरांवर एकाच वेळी आमच्या लायब्ररीत शिरले, तर त्याच्या बाजूने काहीच गैर नाही, कारण त्याने थ्रेडागणिक वेगळा कम्युनिकेटर वापरण्याची शिस्त पाळली आहे. आम्ही मात्र दोघांना आत एकाच खाजगी कम्युनिकेटरवर आणून सोडले असते आणि तिथे सामूहिक क्रियांची सरमिसळ झाली असती. म्हणून कॉन्ग्रुअंटला कोष्टके सामायिक, पण कॉन्टेक्स्ट प्रत्येकाचा स्वतंत्र, असे ठरले.

२० जून, गुरुवार

कार्ट_क्रिएटने बनवलेल्या जाळीदार कम्युनिकेटरवर अर्धा दिवस. फेरक्रमाची (रँक नव्याने लावण्याची) परवानगी नाकारली तर मुळाशी तुलना कॉन्ग्रुअंट येते, हे अपेक्षितच होते. परवानगी दिली तर सिमिलर येऊ शकते, पण आमच्याकडे परवानगी देऊनही कॉन्ग्रुअंटच आले, म्हणजे अंमलबजावणीने क्रम बदलण्याचे कष्ट घेतलेले नाहीत. त्यावर अवलंबून काही लिहायचे नाही.

खरी मेख वेगळी आहे. ८ प्रोसेसची २ गुणिले ४ ची जाळी आणि ४ गुणिले २ ची जाळी, दोन्ही फेरक्रमाशिवाय बनवल्या, तर त्यांची आपसातली तुलनाही कॉन्ग्रुअंट येते. तुलना गट आणि कॉन्टेक्स्ट एवढेच पाहते. रचना, चिकटवलेली माहिती, चूक-हाताळणीची व्यवस्था यांकडे ती ढुंकूनही बघत नाही. एकात रँक १ चा खालचा शेजारी ५ आहे, दुसऱ्यात ३. आराखड्यासाठी हे दोन कम्युनिकेटर सर्वस्वी भिन्न आहेत. म्हणून कॉन्ग्रुअंट आल्यावर टोपो_टेस्टने रचना आहे का ते पाहायचे, आणि कार्टेशियन (आडव्या-उभ्या जाळीची) असेल तर कार्ट_गेटने मापे व आवर्तता (टोके एकमेकांना जोडलेली आहेत का) जुळवायची, अशी दुसरी चाळणी घातली.

२५ जून, मंगळवार

नव्या क्लस्टरवर (जोडलेल्या संगणकांच्या समूहावर) पहिल्यांदा २० प्रोसेस चालवल्या आणि काम सुरू होताच गोठले. नोडवर, म्हणजे त्यातल्या एकेका संगणकावर, प्रत्येकी ८ जागा असल्याने वाटणी ८, ८ आणि ४ अशी झाली होती. जाळी ५ गुणिले ४, म्हणजे चारचार प्रोसेसच्या ५ आडव्या रांगा.

गेल्या आठवड्यात लायब्ररीत एक सुधारणा घातली होती. एखादी रांग पूर्ण एकाच नोडवर असेल आणि नोडवर दुसरे कोणी नसेल, तर त्या रांगेत संदेश पाठवण्याऐवजी विन_अलोकेट_शेअर्डने घेतलेली सामायिक मेमरी वापरायची. हे ओळखण्याची युक्ती सुटसुटीत आहे. कॉम_स्प्लिट_टाइपला शेअर्ड हा प्रकार देऊन नोडचा कम्युनिकेटर काढायचा आणि रांगेच्या कम्युनिकेटरशी त्याची तुलना करायची. कॉन्ग्रुअंट आले की रांग म्हणजेच नोड.

गोठलेल्या कामाला जीडीबी (चालू प्रोग्रॅम तपासण्याचे साधन) जोडून प्रत्येक प्रोसेस कुठे उभी आहे ते पाहिले. ० ते १५ या १६ प्रोसेस कॉम_डुपमध्ये होत्या. १६ ते १९ या ४ प्रोसेस वेटमध्ये होत्या आणि प्रत्येक जण वरच्या शेजाऱ्याची, म्हणजे १२ ते १५ ची, वाट पाहत होता. पहिल्या दोन नोडवर दोनदोन रांगा होत्या, म्हणून तिथे उत्तर अनइक्वल आले. तिसऱ्या नोडवर शेवटची एकच रांग होती, म्हणून तिथे कॉन्ग्रुअंट आले. अनइक्वलच्या शाखेत मी संदेशांचा आराखडा बांधताना पूर्ण जाळीच्या कम्युनिकेटरचा डुप लिहिला होता. डुप ही सामूहिक क्रिया आहे, तिला सगळे २० हवेत, आणि त्यातले ४ त्या शाखेत कधी येणारच नव्हते. फोनवर एकमेकांची वाट पाहत 'आधी तुम्ही बोला' म्हणणाऱ्या दोन माणसांसारखा तो प्रकार होता, फक्त इथे रांगेत उभे राहण्याचे भाडे तासावर लागते.

कॉम_कम्पेअर स्थानिक क्रिया आहे. ती कोणाशी बोलत नाही, आपल्यापाशी असलेल्या माहितीवर उत्तर देते, आणि हे मी गुणच समजत होतो. पण उत्तर स्थानिक असते म्हणजे ते प्रत्येकाचे वेगळे असू शकते, हा त्याचा दुसरा अर्थ मी वाचलाच नव्हता. 'रांग' या एका नावाखाली प्रत्यक्षात ५ वेगळे कम्युनिकेटर आहेत, 'नोड' या नावाखाली ३, आणि प्रत्येक प्रोसेस आपल्या वाट्याच्या जोडीची तुलना करते. आधीच्या चाचण्यांत हे दिसले नाही, कारण १६ प्रोसेस दोन नोडवर समान वाटल्या की सगळीकडे अनइक्वल येते, आणि ८ प्रोसेसची एकच रांग एका नोडवर ठेवली की सगळीकडे कॉन्ग्रुअंट येते. विषम वाटणी लागली तेव्हाच फट उघडी पडली.

२६ जून, बुधवार

पहिला उपाय म्हणून सर्वांची उत्तरे ऑलरिड्यूसने एकत्र करून, एकाचेही अनइक्वल आले तर सर्वांनी संदेशांचा मार्ग घ्यावा असे केले. काम सुरळीत चालले. पण तिसऱ्या नोडला मिळणारी सामायिक मेमरी त्यात विनाकारण गेली, म्हणून दुपारी दुसरा मार्ग घेतला. पूर्ण जाळीचा डुप शाखेच्या बाहेर काढून सर्वांसाठी बिनशर्त केला आणि शाखेच्या आत केवळ रांगेपुरत्या क्रिया ठेवल्या.

रांगेच्या आत तरी सर्वांचे एकमत असते का, हे तपासून घेतले. एका प्रोसेसला कॉन्ग्रुअंट मिळाले याचा अर्थ तिच्या रांगेचा गट आणि नोडचा गट तंतोतंत एक आहेत. मग त्या रांगेतली दुसरी कोणतीही प्रोसेस त्याच रांगेची आणि त्याच नोडची सदस्य असल्यामुळे तिलाही तेच उत्तर मिळायला हवे. म्हणून रांगेपुरती सामूहिक क्रिया या उत्तरावर टांगायला हरकत नाही, जाळीपुरती टांगायला आहे. सरांनी हा युक्तिवाद फळ्यावर पुन्हा मांडायला लावला आणि मगच बदल स्वीकारला.

१ जुलै, सोमवार

दोन गटांमधला इंटरकम्युनिकेटर लायब्ररीला कोणी देईल असे वाटत नाही, तरी काय होते ते पाहून ठेवले. साध्या कम्युनिकेटरशी त्याची तुलना केली की अनइक्वल. दोन इंटरकम्युनिकेटरांत अलीकडचा गट अलीकडच्याशी आणि पलीकडचा पलीकडच्याशी ताडला जातो, आणि दोहोंपैकी एकाच बाजूचा क्रम बदललेला असला तरी सिमिलर येते, बाजू कोणती ते कळत नाही. कॉम_टेस्ट_इंटरने ओळखून आम्ही तो दारातच परत पाठवतो.

त्याच दारात कॉम_नल ('कम्युनिकेटरच नाही' अशी खूण) हाही एक पाहुणा असतो. स्प्लिटमध्ये ज्यांना अनडिफाइन्ड रंग दिला, किंवा कार्टच्या जाळीत ज्यांना जागा उरली नाही, त्यांच्या हाती कॉम_नल येतो, आणि तो तुलनेला दिला की नेहमीच्या व्यवस्थेत संपूर्ण काम तिथेच कोसळते. तो आता तुलनेआधी तपासला जातो. कॉम_नलची तुलना करण्यासाठी बरोबर-चिन्ह योग्य आहे. ३ जूनला ज्याला नावे ठेवली होती, त्याची ही एक जागा शिल्लक राहिली.

८, ८, ४ अशी विषम वाटणी आता रात्रीच्या चाचणीत कायमची घातली आहे. एकाच प्रोसेसच्या नोडची वाटणी अजून चालवायची आहे. तिथे १ गुणिले १ ची रांग आणि नोड दोन्ही कॉम_सेल्फशी कॉन्ग्रुअंट येतील, आणि सामायिक मेमरीच्या शाखेत शेजारीच नसलेली एक प्रोसेस शिरेल. विद्यार्थ्याला ती उद्या लावायला सांगितली आहे.